हातचं राखून

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर वेलणकरांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हटल्यावर लोकांना नटनट्या आठवतात. इथे तसलं काही नव्हतं. सरकारी खात्यांचे माहितीपट, साबणाच्या नि दंतमंजनाच्या जाहिराती, कुठल्याशा कंपनीच्या रौप्यमहोत्सवाची फिल्म, असली कामं यायची आणि कापून-जोडून, नीटस होऊन परत जायची. शरच्चंद्र वेलणकर बाहेर कामं मिळवत फिरायचे. आतलं खातं तीन बायकांवर चालायचं, आणि त्या तिघींत प्रेमा तळवडेकर म्हणजे खात्याचा कणा, असं साहेब स्वतःच चारचौघांत म्हणायचे.

प्रेमा निगेटिव्ह कापायची. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फिल्म ती निगेटिव्ह. तिची आधी एक कच्ची प्रत काढतात, तिच्यावर संकलक हवी तशी कापाकापी करतो, आणि सगळं मनासारखं जमलं की मग त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापायची. कच्च्या प्रतीत चुकलं तर दुसरी प्रत निघते. निगेटिव्ह कापली ती कापली. त्यामुळे या कामाला थंड डोक्याची आणि स्थिर हाताची माणसं लागायची, आणि मुंबईत ती बहुतेक बायकाच असायच्या. हातात पांढरे सुती मोजे, समोर काचेखाली दिवा आणि कानावर फिरत्या चकत्यांची बारीक घरघर. प्रेमा त्यात इतकी मुरली होती की संकलकाची खूण पुसट असली तरी कुठे कापायचं ते तिला दिसायचं. "इथे नको साहेब, बाईने अजून मान वळवली नाही," असं ती म्हणायची, आणि संकलक पुन्हा बघून मान डोलवायचा.

घरी नवरा जयवंत. गिरणीतला जॉबर होता. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हा दिंडोशीला नव्या वसाहतीत राहायला आल्यावर एका सोसायटीत पहारेकरी म्हणून लागला. दोन मुली शाळेत. घराची मदार प्रेमाच्या हातमोज्यांवर होती म्हणा ना.

खात्यात दुसरी होती रत्नप्रभा, वयाने सगळ्यांत मोठी, निवृत्तीला टेकलेली. आणि तिसरी उत्तरा सोमण.

उत्तरा आली तेव्हा बी.ए. झालेली, मुलुंडची, ब्राह्मणाघरची मुलगी. वडील नव्हते. भाऊ बँकेत. "फिल्म लाइन"मध्ये बहीण जाते म्हटल्यावर भावाने घरात आकांडतांडव केलं होतं. तिची नोकरी लागल्या-लागल्या सुटायची वेळ आली, तेव्हा प्रेमा स्वतः एका रविवारी मुलुंडला त्यांच्या घरी गेली. ठेवणीतली साडी नेसून, अवघडून खुर्चीच्या कडेवर बसली. उत्तराच्या आईने कामाचं काय स्वरूप असतं ते विचारलं. प्रेमा जपून शुद्ध बोलत होती, पण ऐन वेळी गाडी घसरलीच. "काय एक काळजी करू नकात," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या घरंदाज बायका. तुमची मुलगी माझ्या बाजूच्या टेबलावर बसणार. मी आसंय ना."

त्या "मी आसंय ना"वर उत्तराच्या आईला हसू आलं, आणि नोकरी राहिली.

पुढे प्रेमाने तिला हाताला धरून शिकवलं. फिल्मच्या कडेचे आकडे कसे जुळवायचे, पट्टी कशी धरायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट किती लावायचं, श्वास कधी रोखायचा. रत्नप्रभा बघत असायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "प्रेमा, सगळं ओतू नको गं तिच्यात. शिकवताना हातचं राखून शिकवायचं असतं. मला माझ्या बाईंनी तसंच शिकवलं."

"म्हणून तुम्हाला अजून फेड-आऊट नीट कापता येत नाही," प्रेमा हसत म्हणाली. "मला नाही बाई तसं जमत. शिकवायचं तर शिकवायचं."

उत्तरा हुशार होती. वर्षभरात तिचा हात बसला. प्रेमाला तिच्यात धाकटी बहीण दिसायला लागली. उत्तराही "प्रेमाताई, प्रेमाताई" करत तिच्यामागे असायची. गणपतीत दिंडोशीला यायची, मुलींचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायची, जयवंतच्या हातची सोलकढी पिऊन "झकास" म्हणायची.

आणि मग टीव्हीवर मालिकांचं पर्व सुरू झालं. घराघरांत लोक मालिकांसाठी जेवणं आटपून बसायला लागले, आणि अंधेरीत जो तो मालिका काढायला निघाला. मालिका फिल्मवर नव्हे, टेपवर. टेपला ना निगेटिव्ह, ना कापणं. मूळ टेपवरचं चित्र मशीनमधून दुसऱ्या टेपवर उतरवत जायचं, की झालं संकलन. वेलणकरसाहेबांनी वारं ओळखलं. कर्ज काढून त्यांनी व्हिडिओचं एडिटिंग मशीन मागवलं, त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली थंडगार केली, दाराबाहेर चपलांचा कट्टा बांधला.

मशीन विकणाऱ्या कंपनीने शिकवण्याची सोय केली होती, पण स्टुडिओमागे एकाच माणसाची. कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत महिनाभर जायचं, शिकायचं, आणि परत येऊन मशीन हातात घ्यायचं.

साहेबांनी तिघींना बोलावलं. "प्रेमाबाई, पहिला मान तुमचा," ते म्हणाले. "तुम्ही जायचं असं माझ्या मनात आहे. पण तुम्ही आपसात ठरवा. जो शिकून येईल त्याने बाकीच्यांना शिकवायचं. आपलं खातं आपणच नवं करायचं."

रत्नप्रभाने तिथल्या तिथे हात वर केले. "मला दोन वर्षं राहिलीत, साहेब. मी काचेवरच बरी."

प्रेमाला आनंद झाला, आणि तेवढीच धडकीही भरली. त्या कचेरीत सगळा कारभार इंग्रजीतून चालणार, शिकवायला मद्रासचा इंजिनिअर येणार, हे तिच्या कानावर आलं होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली. चहाच्या वेळी गच्चीवर तिने उत्तराला मनातलं सांगितलं.

"तिथे सगळे पँट-शर्टवाले गं. त्यांच्यात बसून मी काय समजणार? नुसती मान हलवून येईन."

उत्तराने कपातला शेवटचा घोट घेतला. मग म्हणाली, "प्रेमाताई, असं करूया का? मी जाते. पुस्तक इंग्रजीत असेल तर असेल, मी वाचेन. रोजचं रोज लिहून आणेन. आणि परत आले की पहिल्या दिवसापासून तुला शिकवते. मराठीत. तुझ्या वेगाने. मला वर्षभर शिकवलंस, आता मी तुला."

"शिकवशील ना?"

"काय विचारतेस! तू नसतीस तर मी आज मुलुंडला पापड लाटत बसले असते."

प्रेमाने तिचा हात दाबला. त्याच संध्याकाळी तिने साहेबांना सांगितलं, उत्तराला पाठवा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?" "नक्की," प्रेमा म्हणाली, आणि घरी जाताना तिला अगदी हलकं वाटलं.

उत्तरा महिनाभराने परत आली ती नव्या शब्दांचं गाठोडं घेऊन. इन-पॉइंट, आऊट-पॉइंट, प्रीव्ह्यू, कंट्रोल ट्रॅक. साहेबांनी पेढे वाटले. पहिले काही दिवस काम सुटल्यावर उत्तराने प्रेमाला त्या थंड खोलीत खरोखर नेलं. दोन मशीनं, मध्ये बटणांची पाटी. डावीकडच्या मशीनवर मूळ टेप, उजवीकडे नवी. गोल चकती फिरवून चित्र पुढेमागे करायचं, जिथून हवं तिथे खूण द्यायची, आणि एकामागून एक तुकडे जोडत जायचं. प्रेमाला पहिल्या दिवशी घाम फुटला, दुसऱ्या दिवशी हसू आलं. चकती फिरवून नेमकं चित्र धरणं म्हणजे तिच्या हातचा मळ.

"हे दिवा लागलेलं बटण कसलं?" तिने एकदा विचारलं.

"ते तसंच राहू दे. असेंबल आहे ते. त्याला हात नाही लावायचा."

"आणि शेजारचं?"

"तेही नको. ते नंतर सांगेन."

ते नंतर आलंच नाही. पुढच्या आठवड्यात उत्तराचं डोकं दुखत होतं. मग एका जाहिरातवाल्याची घाई होती. मग दारावर लाल दिवा आला. दिवा लागलेला असताना आत कोणी यायचं नाही. प्रेमा आपलं काम आटपून बाहेरच्या बाकावर वाट बघायची. दार उघडलं की उत्तरा म्हणायची, "अय्या, तू अजून आहेस? आज जाम दमले गं. उद्या नक्की." प्रेमा म्हणायची, "असू दे, तू दमतेस." घरी उशीर होतो म्हणून धाकटी कुरकुर करायची. तरी प्रेमा थांबायची. उत्तराच्या दमण्याची तिला खरोखर काळजी वाटायची. एकदा तर तिने तिच्यासाठी घरून सुंठीचा काढा करून आणला. उत्तराने तो प्याला. डोळे मिटून, घोट घोट प्याला.

एव्हाना फिल्मची कामं आटत चालली होती. काचेखालचा दिवा दिवसातून तासभरही लागेना. रत्नप्रभा विणकाम आणायला लागली. वेलणकरांनी एक दिवस प्रेमाला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, प्रेमाबाई." ते अवघडले होते. "मला एक दुसरा माणूस हवा आहे मशीनवर. कामं वाढलीत, दोन पाळ्या कराव्या लागतील. तुम्हीच असाल असं मी धरून चाललो होतो. पण उत्तरा म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"वाईट वाटून घेऊ नका. ती म्हणाली की दोन महिने तुम्हाला शिकवून पाहिलं. तुम्ही मनापासून प्रयत्न केलात, पण मशीनची भीती जात नाही. हात थरथरतो. एका वयानंतर होतं तसं, असं ती म्हणाली. फार कळवळून म्हणाली हो."

प्रेमाने आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी लाखमोलाची निगेटिव्ह कापली होती. ते थरथरत नव्हते.

"साहेब, मला शिकवलंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चार-पाच वेळा बसवलं, तेवढंच."

वेलणकर भले गृहस्थ होते. त्यांना कुणावरच अविश्वास दाखवायचा नव्हता, आणि अशी माणसं शेवटी जे करतात तेच त्यांनी केलं. "मग असं करू," ते म्हणाले. "उद्या सकाळी तुम्ही मशीनवर बसा. माझ्यासमोर. एक शॉट बदलायचा. जमलं तर जमलं. कुणाचं काही म्हणणं नको."

दुसऱ्या दिवशी प्रेमा आंघोळ करून, देवाला नमस्कार करून आली. चपला काढल्या, थंड खोलीत गेली. वेलणकर खुर्चीत. उत्तरा मागे भिंतीला टेकून उभी, हाताची घडी. तिने प्रेमाकडे बघून मान हलवली, धीर दिल्यासारखी. प्रेमाला वाटलं, साहेबांच्या ऐकण्यात काही घोटाळा झाला असेल. ही अशी करणार नाही.

काम सोपं होतं. मालिकेच्या एका जोडून तयार असलेल्या भागाची प्रत लावली होती. सासू बोलते आहे. तिच्या बोलण्याच्या मध्येच सुनेचा चेहरा घालायचा, आणि पुन्हा सासूवर यायचं. प्रेमाने चकती फिरवली. सासूची तीन-चार वाक्यं तिने पुढेमागे करून ऐकली. मग एका ठिकाणी थांबली. "इथे," ती म्हणाली. "बाई आवंढा गिळते, तिथे सून दिसली पाहिजे. आधी नको."

वेलणकर पुढे वाकले. "वा," ते अभावितपणे म्हणाले.

प्रेमाने खुणा दिल्या. आत जायची, बाहेर यायची. पाटीवर असेंबलचा दिवा लागलेला होता. त्याला हात लावायचा नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिने वळून एकदा उत्तराकडे पाहिलं. उत्तरा पडद्याकडे बघत होती. प्रेमाने बटण दाबलं.

सून आली. नेमकी आवंढ्यावर आली. प्रेमाला छातीत उजेड पडल्यासारखं झालं. सून गेली, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं चित्र फाटलं. आडव्या रेघा आल्या, सासूचं डोकं एकीकडे नि पदर दुसरीकडे सरकत गेला, आवाज खरखरला आणि बंद पडला. पुढचा जोडलेला भाग तिथून तुटून गेला होता.

मशीनचा पंखा तेवढा चालू होता.

"हे असेंबलवर नाही करायचं," उत्तरा हळूच म्हणाली. "मधेच घालायचं तर इन्सर्ट. असेंबलवर केलं की पुढचं तुटतं. मी सांगितलं होतं ताईंना. पण..."

"असू द्या, असू द्या," वेलणकर उठले. "प्रत आहे ती. काही बिघडलं नाही. प्रेमाबाई, टेपा सांभाळायला मला विश्वासाचं माणूस हवंच आहे. पगार तोच राहील. मनाला लावून घेऊ नका." आणि ते घाईने बाहेर गेले.

उत्तरा त्यांच्यामागे निघाली होती. प्रेमाने तिला जिन्यात गाठलं.

"मला सांगितलं होतंस?"

"प्रेमाताई, इथे नको."

"मला तू म्हणालीस, हात लावू नको. मी नाही लावला. तू मागे उभी होतीस. एक शब्द बोलायचास. 'ताई, शेजारचं.' एवढाच. का नाही बोललीस?"

खालच्या कारखान्यातून औषधाचा उग्र वास जिन्यात भरला होता. उत्तराने कठड्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता.

"कारण मशीन एक आहे. आज दोन पाळ्या म्हणतायत साहेब. उद्या कामं कमी झाली की एकीलाच ठेवतील, आणि ती तू असशील. आत्ता बघितलंस ना त्यांचं तोंड? तू 'इथे' म्हणालीस आणि ते उठायचे बाकी होते. तुला दिसतं तसं मला नाही दिसत गं. बटणं काय, कोणीही दाबेल. ते त्यांना कळलं असतं तर मी कुठे गेले असते? दादाने स्थळ बघून ठेवलंय नाशिकचं. नोकरी गेली की मला उभी करणार तो बोहल्यावर."

"मग तेव्हाच म्हणायचंस. गच्चीवर. मी जाते, पण तुला शिकवणार नाही. मी जागा दिली असती तुला."

"नसती दिलीस."

प्रेमाने मनाशी विचारून पाहिलं. दिली असती का? तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. जी गोष्ट तिने इतक्या सहज, हसत दिली होती, तिच्यावरही आता या पोरीने काळं फासलं.

"तेव्हा मनात होतं का तुझ्या हे?" तिने विचारलं. "खरं सांग. तेव्हा, गच्चीवर?"

"तेव्हा नव्हतं. आईशप्पथ नव्हतं," उत्तरा म्हणाली. "परत आल्यावर तू बसलीस मशीनवर. दुसऱ्याच दिवशी तुला जमायला लागलं. तेव्हा मी घाबरले."

प्रेमा तिथून निघाली. जिना उतरताना तिला आठवत होता तो काढा. मिटल्या डोळ्यांनी प्यालेला. केसाने गळा कापणारा माणूस तिने खूप ऐकला होता, पण कापता कापता आपल्याच हातचा काढा पिणारा तिने पहिल्यांदा पाहिला.

घरी तिने जयवंतला सांगितलं. तो विडी ओढत ऐकत राहिला. संपाच्या दिवसांत त्याच्या चाळीतला, त्याच्या पंगतीला जेवलेला माणूस मागच्या दाराने गिरणीत कामावर गेला होता. त्याचं नाव जयवंत अजूनही घेत नसे.

"मालकान फसवल्यान तर माणूस शिवी घालता नि झोपता," तो शेवटी म्हणाला. "पण आपल्या माणसान..." आणि बाकीचं त्याने धुरात सोडून दिलं. मग म्हणाला, "नोकरी सोडूची नाय पण. पोरी आसत."

तेव्हा प्रेमाने नोकरी सोडली नाही. ती टेपांच्या कपाटाशी बसायला लागली. उत्तरा सकाळी यायची आणि म्हणायची, "ताई, कालची टेप देता का?" 'देता का' हे नवीन होतं. आधी ती 'दे' म्हणायची. प्रेमा टेप काढून टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. रत्नप्रभाने काही विचारलं नाही. "मी म्हटलं नव्हतं?" असंही ती म्हणाली नाही, याबद्दल प्रेमाला तिचे उपकार वाटायचे.

एका संध्याकाळी शेजारच्या सुगंधाकडे टीव्ही बघायला आजूबाजूची सगळी वस्ती जमली होती. वेलणकरांकडे जोडलेली मालिका होती. शेवटी नावं वर सरकायला लागली आणि थोरली मुलगी उठून ओरडली, "आई! उत्तरामावशी! संकलन, उत्तरा सोमण!" सगळ्यांनी माना वळवल्या. "तुमची मैत्रीण ना हो ती? गणपतीत येते ती?" सुगंधा कौतुकाने म्हणाली. "मोठी झाली की!"

"होय," प्रेमा म्हणाली. "माझ्या हाताखाली होती."

बोलल्यावर तिला कळलं, की ऐकणाऱ्यांना ती बढाई वाटली. कोणीतरी गालातल्या गालात हसलं. त्या रात्री ती झोपली, पण सकाळी उठली ती ठरवूनच. जयवंतने या वेळी तिला अडवलं नाही. तिने वेलणकरांना सांगितलं, नोकरी सोडते. त्यांनी कारण विचारलं नाही. बहुधा त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं.

बोरिवलीला, बाजाराच्या तोंडाशी, शिवदास म्हणून एकाचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान होतं. पूर्वीचा फोटोग्राफर. लग्नसराईत इतकी कामं साचायची की टेपांच्या ढिगात तो स्वतः सापडत नसे. सुगंधाच्या ओळखीने प्रेमा तिथे गेली. आपण फिल्म कापायचो, मशीनचं फारसं येत नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं.

"असतंय काय त्यात?" शिवदास म्हणाला. "बसा."

त्याचं मशीन जुनं, कुठून तरी वापरून आलेलं, एका बाजूने पत्रा पोचलेला. पण पाटी तशीच होती. तीच दोन बटणं शेजारी शेजारी.

"हे असेंबल," तो वेफर खात खात म्हणाला. "कोऱ्या टेपवर आगगाडीसारखं डबे जोडत जायचं असेल तेव्हा. आणि हे इन्सर्ट. गाडी तयार आहे, तिच्यातला एक डबा बदलायचाय, तेव्हा. मधल्या डब्याला असेंबल केलंत तर मागची गाडी सुटली. बाकी काय? हे आवाजाचं, हे चित्राचं. करून बघा."

प्रेमाने करून बघितलं. नवरीच्या वरातीत तिने एका म्हातारीचा चेहरा घातला. चित्र फाटलं नाही. म्हातारी आली, हसली, गेली, वरात पुढे चालू लागली. तिने पुन्हा केलं. मग हळद, मग मंगळाष्टकं. बाहेर भाजीवाले ओरडत होते. दुपार कलायच्या आत तिला सगळं येत होतं.

"बघा, एवढंच असतं," शिवदास म्हणाला.

"एवढंच?" प्रेमा म्हणाली.

आणि मग ती रडायला लागली. जिन्यात रडली नव्हती, घरी रडली नव्हती, सुगंधाच्या खोलीत तर नाहीच. शिवदास घाबरला, वेफरची पिशवी बाजूला ठेवून पाणी आणायला धावला. त्याला वाटलं, बाईंच्या घरी काही वाईट घडलं असणार. त्याला कसं सांगणार? इतके दिवस तिला वाटत होतं की उत्तराने काहीतरी फार मोठं, फार अवघड लपवलं होतं. महिनाभर फोर्टला जाऊन कमावलेलं, इंग्रजीतलं, आपल्या कुवतीबाहेरचं. एखादं मोठं काही असतं तर त्याच्यासाठी दगा देणं समजू तरी शकलं असतं. हे तर वेफर खाता खाता सांगण्यासारखं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी तिने आपल्याला विकलं.

प्रेमा तिथेच राहिली. शिवदासचं दुकान तिच्या हाताने वाढलं. प्रेमाबाईंकडूनच कापून हवं, असं बोरिवलीतली घरं सांगायला लागली. वेलणकरांकडचं फिल्मचं खातं बंद झालं, रत्नप्रभा निवृत्त झाली, हे तिला इकडून तिकडून कळत गेलं. उत्तराने एकदा दुकानात फोन केला होता. शिवदासने रिसीव्हर पुढे केला. प्रेमाने हातानेच 'नाही' म्हटलं. फोन पुन्हा आला नाही.

पुढे काम फार वाढलं, तेव्हा हाताखाली कमल नावाची मुलगी आली. चारकोपची, बारावी झालेली, बडबडी. प्रेमाने तिला पहिल्याच दिवशी, तिने पर्स खाली ठेवायच्या आधी, ती दोन बटणं दाखवली, त्यांच्यातला फरक सांगितला, तिच्याकडून दहा वेळा करून घेतलं. काही म्हणता काही मागे ठेवलं नाही. कुठे कापायचं, माणसाच्या चेहऱ्यावर कुठे थांबायचं, हे सांगता येण्यासारखं नसतं, तरी तेही तिने सांगायचा प्रयत्न केला. कमल भराभर शिकली. दुसरं दुकान तिला बोलवायला लागलं तेव्हा प्रेमानेच सांगितलं, जा, पैसे जास्त देतात.

पण ती होती तेवढा काळ प्रेमाने तिला घर कुठे ते विचारलं नाही, आईबापांचं विचारलं नाही, आपल्या मुलींचं कधी सांगितलं नाही. कमल जेवायला बसली की डबा पुढे सरकवायची. "ताई, घ्या ना थोडं. आईने वालाचं बिरडं केलंय."

"तू जेव," प्रेमा म्हणायची, आणि मशीनकडे तोंड करून पुढची टेप लावायची.